बू-धारी यांच्या इंजिनास जोडीचा पाय मिळाला त्याची बखर

दर्या अथांग, इंजिनाचे बळ अफाट, आणि उभयतांचे मधे मनुष्याची इभ्रत पाचरेएवढी. ऐसे जाणोन अरबी मुलखातील सालमिया बंदरीचे समस्त नाखवे, आणि दिवाणियात, म्हणजे पुरुषांचे बैठकीत, गादीवर रेलोन दुसऱ्याचे बोटीविषयी मसलत देणारे थोर गृहस्थ, यांचे माहितीस्तव हा मजकूर यथास्थित लिहिला असे. वाचणाराने हसू नये. हसू आवरेना तर डोईच्या गुत्र्याचा पदर तोंडास लावावा.

तर खासा बू-धारी, म्हणजे धारीचे वडील, आईने ठेविले नाव सऊद, यांजपाशी वडिलार्जित बोट होती आणि तिचे इंजिन दमेकरी म्हाताऱ्यासारखे खोकत असे. मातोश्री उम्म-सऊद यांचा जन्म फैलका बेटावरला. त्यांनी मर्जी जाहीर केली की, महिनाअखेरच्या शुक्रवारी माहेरच्या मातीवर बसोन पापलेटचा मच्बूस, म्हणजे मसालेभात, खावयाचा, आणि मग सहज पुसले, "तुझी बोट पोचेल ना रे तिथवर? नाहीतर जावयाच्या बोटीतून जाईन. त्यात काय."

हे "त्यात काय" तोफेच्या गोळ्याप्रमाणे बू-धारी यांचे काळजात शिरले. कारण जावई बू-जराह, म्हणजे यांचे मेहुणे, यांची बोट सुसाट आणि जीभ त्याहून सुसाट. पोटचा लेक हयात असता माता जावयाचे बोटीत बसली, हे भर बंदराने पाहिले, तर दिवाणियात कोणते तोंड घेवोन बसावे?

मग बू-धारी यांनी आठ सिलिंडरांचे अमेरिकी पेट्रोल इंजिन खरीद केले. ते सुरू होताच धक्क्यावरील मांजरे परागंदा जाहली. परंतु स्टर्नड्राइव्ह जुनाच राहिला. हा म्हणजे बोटीच्या पिछाडीस लोंबणारा दात्यांचा पाय; आत इंजिन फिरते, बाहेर पाण्यात पंखा फिरतो, आणि मधला सर्व कारभार हा पाहतो. धनी वाघ आणि कारभारी शेळी जाहली तर दौलत बुडते, हे राजनीतीत प्रसिद्धच आहे. परंतु मिसरदेशीचे मेस्त्री उस्ताद शौकी यांनी पायावर थाप मारोन खातरजमा केली की, "वडिलांच्या वेळचं लोखंड आहे हे. आताच्यासारखा पत्रा नाही."

मग मोहीम दर्यात निघाली आणि बू-धारी यांनी दांडा पुढे लोटला आणि घरघंटीत खडे पडावे तैसा आवाज होवोन पायाचे सर्व दाते कामास आले. इंजिन गर्जते आहे आणि बोट जागची हालत नाही, ऐसा चमत्कार जाहला. मग कुमक आली ती नेमकी बू-जराह यांचीच. त्यांनी दोर फेकला आणि सर्वांसमक्ष बोलले, "मेहुणे, जरा धरून बसा. इंजिन मोठंय तुमचं, मलाच ओढून न्यायचं."

ऐशी शिकस्त खावोन तपास केला तो कळले की, या बळाचे इंजिन सोसणारा पाय परदेशाहून येण्यास दोन महिने. आणि मुलखात तूर्त दोनच जिन्नस शिल्लक, एक मोठ्या पेटीत, एक लहान पेटीत, आणि दोन्ही पेट्या बू-जराह यांचे वखारीत. मग बू-धारी दाढी विंचरोन चार वडीलधाऱ्यांनिशी मेहुण्याच्या दिवाणियात दाखल जाहले. कडू गाहव्याचा, म्हणजे कॉफीचा, फिंजान हाती आला तो न पिता भुईवर ठेविला. पाहुण्याने फिंजान ठेविला म्हणजे अर्ज आहे. आणि यजमानाने अर्ज न ऐकताच कबूल करावा, न करील तर त्याच्या घराण्याची नामोशी.

बू-जराह मिशीत हसोन बोलले, "प्या हो. मागाल ते दिलं."

मग स्टर्नड्राइव्ह मागितला. आणि बू-जराह यांनी बहुत औदार्याने मोठी पेटी उचलविली. लहान दिली तर लोक मला कंजूष म्हणतील, ऐसे म्हणाले. आता धर्माची गाय आणि तिचे दात मोजावे कोणी? पुसणे बेअदबी. मुकाट्याने पाय आणिला, चढविला, आणि पुन्हा दर्यात गेले.

तो बोटीचे नाक आभाळास लागले, बूड पाण्यात बसले, आणि इंजिन कण्हू लागले. शौकी यांनी घाम पुसोन खुलासा केला, "हा डिझेलच्या जोडीचा पाय आहे. डिझेल फिरतं सावकाश, म्हणून हा पंख्याला जोरात पळवतो. आपलं इंजिन भरभर फिरणारं. ही तर चौथ्या गिअरात घाट चढवल्यासारखी गत झाली."

"हे लावायच्या आधी नाही दिसलं?"

"दिसलं की. तुम्हीच म्हणालात, विचारणं बरं दिसत नाही."

सारांश, हवा तो पाय लहान पेटीत. दिलेले परत करावे तर अपमान, पुन्हा मागावे तर भिकारपण. शुक्रवार उंबरठ्यावर आला आणि बू-धारी यांनी जेवण सोडले. मातोश्रींनी हकिकत ऐकोन लग्नकार्याचे थोरले पातेले काढविले. त्यात तो मोठा पाय फडक्यात गुंडाळोन निजविला, वरती मच्बूसची परात ठेविली, आणि चौघांच्या खांद्यावर लेकीचे घरी नकसा म्हणोन रवाना केला. नकसा म्हणजे घरोघर जाणारे वानवळ्याचे अन्न. आणि त्याचे भांडे रिकामे परतविणे त्या मुलखात आजवर कोणास धजवले नाही.

बू-जराह यांनी आवडीने परात रिती केली, आणि मग खाली पाहिले. बाईल शेजारीच उभी होती. म्हणाली, "आईचं पातेलं आहे. काय भरायचं यात?"

त्यांनी पाय बाहेर काढविला आणि खजूर म्हणोन सांगितले. घरातील झाडून सारा खजूर ओतला, तरी बूड झाकेना. मग बू-जराह यांनी कपाळास हात लाविला, आणि इतके हसले की उचकी लागली, आणि लहान पेटी पातेल्यात बसवोन निरोप दिला, "सासूबाईंना सांगा, मच्बूस झकास होता. हाड तेवढं मोठं होतं."

मग जोड जमली. पंखाही बेताचा निवडोन चढविला. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा हवा तेथे चढला, बोट पाण्यावर उठोन बसली, आणि शौकी यांनी हे आपण प्रथमपासून सांगत होतो ऐसे चहूकडे सांगितले. शुक्रवारी भर बंदरादेखत मातोश्री लेकाचे बोटीत बसल्या. बू-धारी यांनी मुद्दाम धक्क्याला दोन वळसे घातले, की कोणी पाहावयाचा राहिला असल्यास त्यानेही पाहावे. बू-जराह सहकुटुंब आपले बोटीने मागोमाग आले. बेटावर भोजन जाहले, आणि मातोश्री हात धुवोन बोलल्या, "आता येताना जावयाच्या बोटीतून येते हं. लेकीला वाईट वाटायला नको."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते होवोन माता लेकाचे बोटीतून फैलका बेटी पोहोचली, हे समस्त बंदराचे साक्षीने सही असे. परतीचा मजकूर खासा बू-धारी यांचे हुकुमावरून या बखरीत घेतला नाही.