सत्तारमिस्त्रींचा रुमाल

आमच्या भागात ट्रॅक्टर बिघडला की आधी घरातला एक पांढरा रुमाल साबणाने धुवून वाळत घालावा लागतो. पाना, तेल, सुटे भाग हे सगळं नंतर. रुमाल नेला नाही तर सत्तारमिस्त्री ट्रॅक्टरकडे ढुंकूनही बघत नाहीत. रंगीत चालत नाही, टॉवेल चालत नाही, कोपऱ्यात फूल काढलेला तर मुळीच नाही. आमचे साडू एकदा घाईघाईत आहेरात आलेली टोपी घेऊन गेले, तर त्यांना रस्त्यावरूनच परत पाठवलं.

मेहकर तालुक्यात, हिवरा आश्रमाच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावाच्या तोंडाशी मिस्त्रींचं गॅरेज. गॅरेज पुढे, घर मागे, मध्ये एक दार. वय साठीच्या पुढचं, अंग कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीसारखं, पण "मार रेस!" म्हणून ओरडले की पलीकडच्या शाळेतली पोरं पाढे विसरतात. तीन वेळा रेस मारायची. तेवढा वेळ मिस्त्री सायलेन्सरच्या तोंडावर रुमाल धरून उभे. मग त्यावरचा डाग बघायचा, चार घड्या घालायच्या, रुमाल खिशात टाकायचा आणि म्हणायचं, "उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाचून दाखवल्यासारखं सांगत. "नोझल गळून राह्यलं. कच्चं डिझेल पिऊन राह्यला तुहा ट्रॅक्टर." नाहीतर, "रिंगा गेल्या. तेल खाऊन राह्यला." कधी चुकत नसे. एखादा म्हणालाच की मिस्त्री, तेल तर परवाच बदललं, तर ते रुमाल त्याच्या नाकासमोर धरत आणि म्हणत, "धूर खोटं बोलत नाही. मालक बोलते." आणि खरंच, त्या माणसाने तेल बदललेलं नसे. मी स्वतः दोनदा असा तोंडघशी पडलोय.

रात्रभर त्या रुमालाचं ते काय करतात, यावर पारावर पुष्कळ चर्चा झाली. कोणी म्हणे उशाशी घेऊन झोपतात, कोणी म्हणे जिन वश आहे. मी एकदा तोंडावर विचारलं. म्हणाले, "तुह्या बायकोले इचार, तू रात्री काय करतोस." विषय संपला.

पण दोनेक वर्षांपासून हा माणूस बिघडत चालला होता. आधी त्यांनी अंगणात एक काठी रोवून तिला हिरवं फडकं बांधलं. फडकं घराकडे उडत असलं की एकही इंजिन सुरू करायचं नाही, मग समोर खुद्द मंत्री का असेना! घराच्या दाराला ओल्या पोत्याचा पडदा आला. घरात जाण्याआधी मिस्त्री भर रस्त्यात सदरा बदलू लागले, कोपरापर्यंत हात धुऊ लागले. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यांचं निदान चुकू लागलं. रामदासच्या ट्रॅक्टरचा पंप गेला म्हणाले, निघाला हवेच्या फिल्टरमध्ये भुसा. गिऱ्हाईकं मेहकरला वळली. मी तेवढा राहिलो, कारण माझं तोंड दुसरा कुठला मिस्त्री सहन करत नाही.

मागल्या वर्षी मी पंचावन्न घोड्यांचा ट्रॅक्टर घेतला, धुराच्या नव्या कायद्याचा. त्याच्या धुराच्या वाटेवर जाळीचा एक डबा असतो. काजळी त्यात अडकते, बाहेर धूर दिसत नाही की वास येत नाही. डबा भरला की ट्रॅक्टर उभा करून अर्धा तास इंजिन जोरात चालू ठेवायचं, म्हणजे काजळी आतल्या आत जळून जाते.

तर ऐन दसऱ्याच्या तोंडावर हा ट्रॅक्टर रुसला. सोयाबीन सोंगून-कापून झालेलं, वावरात त्याच्या ढिगाची सुडी रचलेली, मळणीयंत्र जोडलेलं, आणि लाल दिवा लागला. इंजिनची ताकदच गेली. उत्तरेकडे आभाळ काळंकुट्ट. दुसऱ्या कोणाचं यंत्र आठ दिवस मोकळं नव्हतं. कंपनीचा माणूस चार दिवसांनी येणार होता. सुडी एकदा भिजली की दाणा काळा पडतो आणि वर्षाची मेहनत मातीत जाते. माझं सगळं वर्ष त्या एका ढिगात होतं.

ट्रॅक्टर रांगत रांगत गॅरेजपर्यंत आणला, तर मिस्त्री दोन्ही हात वर करून आडवे आले. "बंद कर! वारा घराकडे हाय! तिकडं लांब त्या निंबाखाली ने."

"बंद करून कसा नेऊ? खांद्यावर?"

"दुसऱ्याच्या ट्रॅक्टरनं ओढतो म्हणशील, तं तोही सुरू नाही होणार इथं."

शेवटी शेजारच्या जगदेवरावांची बैलजोडी आणली. पंचावन्न घोड्यांचा ट्रॅक्टर दोन बैलांनी ओढत निंबाखाली नेला. अर्ध्या गावाने मोबाइलवर ते टिपलं. माझ्या मेव्हण्याने जालन्याहून फोन करून विचारलं, बैलांना डिझेल किती लागतं?

निंबाखाली रेस मारली. रुमाल जसा नेला तसा पांढरा! मिस्त्रींनी तो उलटा करून बघितला, उजेडात धरला.

"ट्रॅक्टर कुठं ठेवतोस? शेडात पोतेगिते नाही न?"

"छे! एकटा राहतो, राजासारखा."

रुमाल खिशात गेला. "उद्या सांगतो."

त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी उठून गेलो, तर मिस्त्री जमिनीकडे बघत म्हणाले, "समजलं नाही."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "समजलं नाही? मग कापून फेका ना ते डबडं! मेहकरला तासाभरात डब्याचं पोट रिकामं करून देतात. सगळ्याचं कारण तेच आहे!"

"कंपनीनं तेवढं एकच काम चांगलं केलं," मिस्त्री म्हणाले, "आन् तू तेच कापाले निंघाला. त्या डब्यात काय अडकते, ठाव हाय तुले? ते कोणाच्या तरी छातीत जाते मग."

"माझी सुडी भिजाले आली आन् तुम्ही मले छाती सांगता! म्हातारे झाले तुम्ही. काही कळत नाही तुम्हाले आता. उगाच रुमालाची नाटकं!"

बोलून गेलो. लाज आता वाटते, तेव्हा वाटली नाही. ट्रॅक्टरवर चढलो, किल्ली फिरवली, आणि मेहकरकडे वळवला. ती वाट मिस्त्रींच्या घराला घासून जाते. हिरवं फडकं घराच्या दिशेने ताठ उभं होतं. मिस्त्री धावत आले आणि चाकासमोर उभे राहिले.

"बंद कर बे! पाया पडतो तुह्या, बंद कर!"

तेवढ्यात पोत्याच्या पडद्यामागे खोकला सुरू झाला. साधा खोकला नव्हता तो. माणूस पाण्यातून वर यायला धडपडतो, तसा होता. मी किल्ली ओढली. पडदा बाजूला झाला आणि तोंडावर पदर धरून मिस्त्रींच्या पत्नी जैबूनभाभी बाहेर आल्या. कितीतरी महिन्यांनी दिसल्या. निम्म्या झाल्या होत्या.

"आत जा!" मिस्त्री ओरडले. "तुले डॉक्टरनं काय सांगतलं?"

भाभींनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. दाराला धरून, श्वास जुळवत मला म्हणाल्या, "सुधाकरभाऊ, या ट्रॅक्टरले तं वास नसते न? मग मले काऊन येऊन राह्यला?"

मी मिस्त्रींकडे बघितलं. 

"त्याईले नका विचारू," भाभी म्हणाल्या. "त्याईले कितीक वर्षांपासून कोणताच वास येत नाही. रुमाल घरात आणत, आन् मी वास घेऊन सांगत होती. कच्चं डिझेल का जळलेलं तेल, सगळं. मंग माही छाती भरली, तं रुमाल घरात आणणंच बंद केलं. म्या म्हटलं आणा, काही होत नाही. तं म्हणे, धंदा गेला तं जाऊ दे."

"खिशात तर टाकत होते की," मी कसंबसं म्हणालो.

"निंबाखाली गाडतो," मिस्त्री पुटपुटले. "लोकाईले दिसाले नको म्हणून खिशात."

म्हणजे दोन वर्षं हा माणूस गावभर म्हातारा, खुळा म्हणवून घेत होता, आणि कारण पडद्यामागे बसलेलं होतं.  ढग गडगडला.

भाभींना आत बसवून मिस्त्री बाहेर आले. "नाक हाय न तुले?" म्हणाले. "चाल मंग."

पुन्हा बैल आले, पुन्हा निंबाखाली गेलो. इंजिन सुरू करून त्यांनी मला जवळजवळ चारी पायांवर उभं केलं.

"वाक खाली. काय येते?"

"डिझेलचा."

"कच्चा का जळका?"

"मले काय माहीत!"

"बायकोनं दूध जाळलं तं माहीत पडते न? तसंच. डाव्या अंगाले सरक. आता?"

तिथे जळका वास भपकन आला. नाक झोंबलं, डोळ्यांत पाणी आलं. मी ओरडलो. मिस्त्रींनी हात घातला, तर बोटाएवढी रबरी नळी कुरतडलेली. डबा किती भरला याची बातमी ती नळी इंजिनला कळवत असते. बातमी खोटी जात होती, म्हणून इंजिन घाबरून बसलं होतं. आणि नळीपाशी उंदराच्या लेंड्या.

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. शेडात ज्वारीची अकरा पोती होती माझी.

"धूर खोटं बोलत नाही," ते म्हणाले. पुढचं बोललेसुद्धा नाहीत.

नवी नळी बसली. आता इंजिन अर्धा तास जोरात चालवायचं, म्हणून निंबाखालीही वारा फिरण्याची वाट बघितली. एकेक मिनिट जीव खात होतं, पण तोंड उघडायची माझी हिंमत नव्हती. फडकं उलटं उडालं तेव्हा कुठे डबा साफ केला. दिवा विझला. मी निघणार, तर मिस्त्री घराकडे तोंड करून म्हणाले, "घराकडून काही वास येते का?"

मी हवेत नाक उंचावलं. "फोडणीचा. लसूण."

"खोकली का?"

"नाही."

"म्हंजे आज बरी हाय," ते म्हणाले आणि पाने गोळा करू लागले. बायकोच्या हातच्या फोडणीचा वास या माणसाला किती वर्षं आला नसेल, कोण जाणे. दिवे लागायच्या आत दोन कोपरे सोडून सगळी सुडी मळून झाली.

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा तरी मला बोलावणं येतं. निंबाखाली मी रुमाल हुंगतो आणि मिस्त्री निदान करतात. गिऱ्हाईकं परत आली आहेत. बायको मला गॅरेजातलं कुत्रं म्हणते. काम संपलं की मिस्त्रींचा शेवटचा प्रश्न ठरलेला, घराकडून काय येतंय. मेथी, जिरं, कधी नुसता चहा. ऐकून ते मान हलवतात.

परवा गेलो, तेव्हा घराकडून काहीच येत नव्हतं. मी म्हणालो, "लसूण. मस्त येऊन राह्यला."

मिस्त्रींनी माझं तोंड निरखलं. मग हळूच म्हणाले, "मालक बोलते."

त्यांनी पाना खाली ठेवला, कोपरापर्यंत हात धुतले, रस्त्यात उभं राहून सदरा बदलला आणि पडदा सारून आत गेले. मी तिथेच बसून राहिलो. आतून डब्यांचा आवाज आला, भाभींचं दबलेलं काहीतरी आलं, "तुमाले नाही जमत जी" असं काहीसं. मग तेल तडतडलं, आणि खरंच लसणाचा वास आला. सुरेख आला. पुढे जरा जास्त आला. मग करपू लागला, आणि करणाऱ्याला ते कळायचा काही मार्गच नव्हता.

मी धावत पडद्याशी गेलो आणि बाहेरूनच ओरडलो, "मिस्त्री, लसूण जळून राह्यला! गॅस बंद करा, खिडकी उघडा!"