लिब की लिब चौसष्ट

"पॅकेजिंगचं काम करते," असं तिने सांगितल्यामुळे तारांगणाच्या पहारेकऱ्याने तिला मागच्या दाराकडे पिटाळलं. खोकी तिकडूनच येत.

शेवटी मामा येऊन तिला आत घेऊन गेला. मामा इथला निवेदक. बावीस वर्षं अंधारात उभा राहून लोकांना आकाश समजावत होता, एकही खेळ चुकला नव्हता. भाचीचं काम मात्र त्याला अजून समजलं नव्हतं.

"म्हणजे करतेस काय नेमकं?"

"प्रोग्रॅमची कुठली फाइल संगणकात कुठे बसायची, ते ठरवते."

"म्हणजे सामान लावतेस."

तिने वाद घातला नाही.

नियंत्रण-खोलीतल्या संगणकावर दोन प्रोग्रॅम नांदायचे होते. घुमटावर तारे उमटवणारा गोळा चालवायचा तो जुना, बत्तीस बिटांचा. दिवे सांभाळायचा तो नवा, चौसष्टचा; तोच बसवायला तिला बोलावलं होतं. दोघांना चालायला जी लायब्ररी-फाइल लागे तिचं नाव एकच, पण आतला मजकूर वेगळा, म्हणून जुन्याची 'लिब' या फोल्डरात आणि नव्याची 'लिब चौसष्ट'मध्ये ठेवायची पद्धत. तिला दोन जागा म्हणजे नुसता पसारा वाटला. तिने नवी फाइलही 'लिब'मध्येच टाकली. "इथे याच नावाची फाइल आहे, बदलू का?" असं संगणकाने विचारलंसुद्धा. तिने मोठ्या आत्मविश्वासाने 'हो' म्हटलं आणि संगणक बंद करून पुन्हा चालू केला.

तीनच्या खेळाला दोनशे माणसं बसली. दिवे झकास मंदावत विझले.

"आता वर बघा," मामा म्हणाला.

दोनशे माना वर झाल्या. वर काळाकुट्ट अंधार.

"डोळे जरा सरावू देत."

डोळे सरावले. अंधार तसाच.

"अजून थोडे सरावू देत," मामाचा आवाज किंचित बारीक झाला होता.

"मला एक दिसला," कुणीतरी म्हणालं. "तांबडा."

"तो बाहेर जायचा दिवा आहे," शेजारून उत्तर आलं.

इकडे नियंत्रण-खोलीत ती संगणकावर वाकली होती. जुना प्रोग्रॅम पडद्यावर एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहीत होता: ही फाइल माझ्या जातीची नाही. तिने नवी फाइल 'लिब चौसष्ट'मध्ये हलवली, जुन्या प्रोग्रॅमच्या पॅकेजमधून, म्हणजे फाइलींच्या गठ्ठ्यातून, जुनी फाइल काढून 'लिब'मध्ये ठेवली आणि गोळा सुरू करायचं बटण दाबलं.

गोळा घुरघुरला, आणि सगळे तारे एकदम उमटले. नुसते उमटले नाहीत, धावू लागले. पूर्वेकडून चढून डोक्यावरून पश्चिमेला ओसंडू लागले. आकाशगंगा घुमटभर फिरली. वर्षभराचं आकाश दोन मिनिटांत सरकून गेलं. कुणी खोकलंही नाही. मामाही दोनशे जणांसारखा मान वर करून बघत राहिला. नियंत्रण-खोलीच्या काचेतून बघताना तीही आपलं काम विसरली.

खेळ संपल्यावर मामा आत येऊन खुर्चीत बसला.

"काय बिघडलं होतं गं?"

"बिघडलं होतं ते आधी. मीच बिघडवलं. नंतरचं ठीकच होतं. गोळा सुरू झाला की आधी एक पूर्ण फेरी मारून स्वतःला तपासतो. रोज तपासतो."

"रोज? कधी?"

"सकाळी नऊला."

मामाने काचेतून रिकाम्या घुमटाकडे पाहिलं.

"मी साडेनऊला येतो," तो हळूच म्हणाला. "बावीस वर्षं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला मामीचा फोन आला.

"अगं, हे आज आठलाच बाहेर पडले, चहा अर्धा टाकून. तिकडे काही बिघडलंय का?"

"नाही मामी," ती म्हणाली. "सगळं जागच्या जागी आहे."