वेसादबाईंच्या जाळीतली गाडी

त्या रविवारी मी घरी निमूट बसलो असतो, तर आज पाव आणायला बेकरीच्या मागच्या दाराने जावं लागलं नसतं. पण सोलांजला, म्हणजे माझ्या बायकोला, मुरंब्यासाठी ब्लॅकबेरी हव्या होत्या आणि मी म्हणालो, "मी आणतो." (मी आपणहून काही आणतो म्हटलं की ती आधी आयोडिनची बाटली शोधते.)

गावाच्या टोकाला मादाम वेसाद राहतात. वय ऐंशी. नवरा एमिल जाऊन सहा वर्षं झालेली. त्यांच्या गोठ्यामागच्या काटेरी जाळीत मी हात घातला, तर आतून एक डोळा माझ्याकडे बघतोय! फांद्या बाजूला केल्या. दशव्हो, म्हणजे आमच्याकडची जुनी फ्रेंच मोटार. गोगलगायीसारखी पाठ, अंगभर गंज, सीटवर कोंबडी बसलेली. आणि पुढे दिवा एकच!

माझ्या अंगावर काटा आला. (काट्यांतच उभा होतो, पण हा वेगळा.)

कारण आदल्याच आठवड्यात न्हाव्याकडे मासिकात वाचलं होतं. शेतकऱ्यांसाठी ही स्वस्त गाडी युद्धाआधीच तयार झाली होती. नांगरलेल्या रानातून टोपलीभर अंडी नेली तरी एक फुटता कामा नये, असा कारखान्याच्या मालकांचा हुकूम. त्या पहिल्या अडीचशे गाड्यांना दिवा एकच, कारण कायद्याला एकच पुरायचा. मग जर्मन आले. त्यांच्या हाती लागू नयेत म्हणून बहुतेक मोडून टाकल्या, थोड्या दडवल्या. बाजारात आली ती अठ्ठेचाळीस साली, दोन दिव्यांची.

मी धावत आत गेलो. "मादाम! तुमच्या यजमानांनी जर्मनांपासून गाडी लपवली होती!"

"एमिलनं? तो तर जर्मन दिसला की माळ्यावर चढायचा."

"नाटक होतं ते! गुपित राखायला!"

म्हातारी मटकन खुर्चीत बसली. डोळे भरून आले. "आणि मी त्याला जन्मभर भित्रा म्हणत आले रे, ओनोरे."

इथे तरी मी थांबायला हवं होतं. पण माझं तोंड एकदा उताराला लागलं की त्याला ब्रेक नाही.

दुपारपर्यंत तिरंगी पट्टा लावून मेयर आले, पेपरवाला कॅमेरा घेऊन आला, अर्धं गाव जमलं. मादाम काळा रेशमी झगा घालून, एमिलचा फोटो छातीशी धरून उभ्या राहिल्या. मी दगडावर चढलो. "बंधूंनो, वीर एमिल वेसाद..."

"कोण वीर?" मागून गॅरेजवाला म्हातारा बार्तास ओरडला. "अरे, ही एकाहत्तर सालची. मीच विकली त्याला. दुसरा दिवा काढून मीच डॉक्टरांच्या गाडीला लावला."

"पण... पण जर्मन?"

"एकाहत्तर साली? यायचे की! तंबू घेऊन, सहलीला."

सगळे पोट धरून हसले. मादाम हसल्या नाहीत. त्यांनी फोटोवरची धूळ बाहीने पुसली. "म्हणजे भित्राच होता तर," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण मी पडलो दगडावरून, तेही शेणात.

चार दिवस ताप असल्याचं सांगून पांघरुणात राहिलो. पाचव्या दिवशी सोलांजने पांघरूण ओढलं. "ऊठ. माफी माग. आणि तेवढंच बोल, इतिहास नको."

गेलो. मादामनी अक्रोडाची वाइन पुढे ठेवली. मी मान खाली घालून सगळं बोललो.

"त्या दिवशी गाव जमायच्या आधी मी फोटोपुढे बसून त्याची माफी मागितली होती," त्या म्हणाल्या. "आता ती परत कशी घेऊ? राहू दे. भित्रा होता, पण माझा होता." मग माझ्या हातावर थोपटलं. "काल मी चर्चमध्ये एक मेणबत्तीही लावली."

मला भरून आलं. "माझ्यासाठी, मादाम?"

"तुझ्यासाठी कशाला? सोलांजसाठी. पोरीला तुझ्याबरोबर अजून बरीच वर्षं काढायचीत."