मैदानाकडे पाठ

सामना सुरू झाला की आमच्या क्लबचे कोच सावे सर मैदानाकडे पाठ करून उभे राहत.

"मी बघितलं की पोरं बिचकतात," असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते आमच्याकडे, म्हणजे प्रेक्षकांकडे, तोंड करून उभे. पांढरी हाफ पँट, कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी आणि हातात मिटलेली छत्री. पाठीमागे काय चाललंय ते त्यांना आमच्या चेहऱ्यांवरून कळायचं. आम्ही कपाळाला हात लावला, म्हणजे गोल खाल्ला. उठून चपला शोधायला लागलो, म्हणजे अजून दोन खाल्ले. आपल्या टीमनं गोल केला तर लोकांचे चेहरे कसे होतात, हे पाहण्याची वेळ त्यांच्यावर फारशी आली नाही.

आता कोच समोरच उभा म्हटल्यावर आम्ही सोडतो की काय! "सावे, खुर्ची सोडा!" असा आमचा रविवारचा गजर असे. खरं तर त्यांना खुर्ची नव्हतीच, बिचारे पूर्ण वेळ उभे असत. पण घोषणा म्हटली की खुर्ची लागते. सर ती शांतपणे ऐकून घेत. फारच आरडाओरडा झाला तर छत्री जरा वर करून म्हणत, "घडतेय हो, टीम घडतेय."

मी सिल्वासाला बांधकाम खात्यात कारकून म्हणून आलो तेव्हा ती घडत होती. माझं लग्न झालं, मुलगी झाली, तिला शाळेत घातली, तरी टीम आपली घडतच होती.

क्लबचं नाव 'उगवता तारा'. पोर्तुगीज जाताना बॉल इथंच विसरून गेले आणि तेव्हापासून इथं फुटबॉल खेळतात, असं जुनी माणसं सांगत. आम्ही नोकरीसाठी आलेली मंडळी तशी क्रिकेटवाली. पण टीव्हीवर वर्ल्ड कप दाखवला आणि आमच्या ऑफिसातला प्रत्येक जण तज्ज्ञ झाला. बॉलला कधी पाय न लावलेले आमचे हेडक्लार्कसुद्धा "डावी बाजू मोकळी पडते" वगैरे बोलू लागले.

सावे सर मूळचे केळव्याकडचे, इथल्या शाळेत पीटी शिकवणारे. त्यांचं सगळं आयुष्य कबड्डी आणि लेझीम यांत गेलेलं. क्लब निघाला तेव्हा कोणीतरी म्हणालं, पीटीचा मास्तर आहेच की, त्यालाच कोच करा. झालं! सराव म्हणजे आधी सूर्यनमस्कार, मग मैदानाला फेऱ्या, मग भिजवलेले चणे आणि गूळ. बॉल बहुधा चण्यांच्या नंतर यायचा. मध्यंतरात काय डावपेच सांगतात ते ऐकायला मी एकदा मुद्दाम जवळ जाऊन उभा राहिलो. आम्ही तीन गोलांनी मागे होतो. सर एकेकाला विचारत होते, "घरी पत्र टाकलंस का? आईचा खोकला कसा आहे? डबा कोणाकडे लावलास?"

मी हात जोडले आणि परत येऊन ओरडायला लागलो.

खेळाडू सगळे सुताच्या कारखान्यातले. बचाव फळी कायम रातपाळीची. सकाळी सुटून आंघोळ करून थेट मैदानात. पहिला अर्धा तास ती कशीबशी टिके. नंतर ऊन चढलं की दोघं-तिघं जागच्या जागी पेंगत. समोरच्या टीमला फ्री किक मिळाली की आमची पोरं भिंत करून उभी राहत आणि एकमेकांच्या खांद्यांचा आधार मिळाल्यावर त्यांचे डोळेच मिटत. एका वर्षीचा गोलकीपर देवजी खानवेल गावचा. दुपारचा सामना असला आणि तो लांबला, तर देवजी हातमोजे जवळच्या कोणाला तरी देई आणि बस पकडायला निघून जाई. मी एकदा सरांना विचारलं, "अहो, गोल उघडा टाकून कीपर जातो, हे कुठल्या नियमात बसतं?"

"बस चुकली तर पोर रात्री झोपेल कुठं, पाटणकर?" सर म्हणाले.



आमची सगळ्यांत मोठी तक्रार वेगळीच होती. एखाद्या खेळाडूच्या पायाला जरा बॉल चिकटायला लागला की सर त्याला काढून टाकत. दर हंगामाला नवी टीम. मागच्या वर्षी ज्यानं एकमेव गोल केला, तो यंदा आमच्याच शेजारी बसून शेंगा सोलतोय! सरांना चांगलं खेळणाऱ्याचा मत्सर वाटतो, असा निष्कर्ष आमच्या हेडक्लार्कनी काढला होता.

आणि असा कोच टिकतो कसा? तर अध्यक्षांमुळे. छोटूभाई शेठ हे क्लबचे तहहयात अध्यक्ष. सुताचा कारखाना त्यांचा, हॉटेल त्यांचं, क्लबही त्यांचाच. सामन्याच्या दिवशी बॉलच्या आधी टेम्पोतून शेठचा सोफा मैदानात येई. शेठ त्यावर मध्यंतरापर्यंत बसत, थंड पीत आणि उठून जात. जाताना हरणाऱ्या टीमकडे हात करून म्हणत, "हार-जीत तो चाल्या करे! बच्चा लोक एन्जॉय किया ने?" पुढं सोफा टेम्पोत चढवायचा म्हणून खेळ थोडा थांबायचा.

शेठना हरणारी टीमच परवडत होती. जिंकलं तर पुढची फेरी, पुढच्या फेरीला वलसाड, वलसाडला बस, बसमधल्या पोरांना जेवण. एकदा विरुद्ध टीमची जीप वाटेत बंद पडली आणि आम्ही न खेळता जिंकलो. आम्ही नाचलो. शेठचा चेहरा मात्र असा उतरला की सर स्वतः सोफ्याजवळ गेले आणि म्हणाले, "शेठ, मनाला लावून घेऊ नका. वलसाडला नक्की हरतो." सरांनी शब्द पाळला.

ओरडणाऱ्यांत पहिला नंबर खैरनारचा. हा धुळ्याकडचा, शेठच्याच कारखान्यात फिटर. आवाज असा की पलीकडच्या गलोंडा गावात उभं राहून ओरडला तरी सरांना ऐकू जावं. "अरे बॉ, काय करू राहिले हे पोट्टे? सावे सर, घरी जा! तुमले काही समजत नाही!" मी घोषणा रचायच्या आणि खैरनारनं त्या द्यायच्या, अशी आमची वाटणी होती. घसा बसला की दोघं मिळून उसाचा रस पीत असू.

क्लबची वार्षिक सभा शेठच्या हॉटेलात भरे. विषयपत्रिकेवर पहिला विषय फाफडा-जिलेबी आणि शेवटचा विषय कोच. कोचपर्यंत येईतो सभासदांची तोंडं भरलेली असत. भरल्या तोंडानं क्रांती होत नाही. त्या वर्षी मी आणि खैरनारनं ठरवलं की आधी कोच, मग जिलेबी. दसऱ्याच्या आधी सभा होती. आम्ही माणसं गोळा केली. ऑफिसातले सगळे आले, कारखान्यातली मंडळी तर रांगाच्या रांगा भरून आली. हेडक्लार्कनी उठून बजावलं की कोच जाणार नसेल तर अध्यक्षांनी जावं.

छोटूभाई धंदेवाला माणूस. त्यांनी एका क्षणात हिशोब केला आणि आपली खुर्ची वाचवायला सरांना पुढं केलं. "सावे सर बहु सारा माणस छे, एकदम चांगला माणूस," ते म्हणाले, "पण पब्लिकला नवा कोच पाहिजे तो आपण नवा आणू. वापीमां एक छे. पुढच्या रविवारपासून."

टाळ्या! इतक्या वर्षांच्या ओरडण्याला फळ आलं. मी खैरनारच्या पाठीवर थाप मारली. तो टाळ्या वाजवत नव्हता.

सर उठले. त्या दिवशी त्यांचं तोंड शेठकडे होतं, आम्हाला पाठ दिसत होती. ते म्हणाले, "मी सोडतो. माझं काही म्हणणं नाही. फक्त दिवाळीपर्यंत राहू द्या."

"का? दिवाळीत काय टीम घडणार आहे?" मी ओरडलो. हॉल हसला. हेडक्लार्क म्हणाले, "खुर्चीचा मोह वाईट!"

"दिवाळीपर्यंतच," सर पुन्हा म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. कारण मात्र त्यांनी सांगितलं नाही.

कोच लगेच बदलावा, असा ठराव शेठनी मताला टाकला. हात वर करा, म्हणाले. पहिला हात खैरनारचा असायला हवा होता. तो उभा राहिला आणि गरजला, "दिवाळीपर्यंत राहू द्या सरले! मंग पाहू!" आणि त्याच्या मागच्या रांगांत वर गेलेले हात एकेक करून खाली यायला लागले. कारखान्यातला एकही हात वर राहिला नाही. ऑफिसातले आम्ही पाच-सात जण तेवढे हात वर करून उभे होतो. मग हेडक्लार्कसुद्धा जिलेबीचं ताट पाहून खाली बसले.

मी खैरनारला हॉटेलच्या पायरीवर गाठलं. भयंकर चिडलो होतो.

"फितूर झालास की नाही शेवटी!"

"हळू बोला, पाटणकर साहेब," तो म्हणाला आणि मला बाजूला घेऊन गेला.

मग त्यानं सांगितलं. क्लब काढला तेव्हा शेठनं मोठेपणानं जाहीर केलं होतं की जो पोरगा पूर्ण हंगाम क्लबकडून खेळेल, त्याला दिवाळीला ठेकेदाराकडून काढून कंपनीत पर्मनंट करू. शेठला वाटलं, अकरा पोरं, एकदाच काय ते होईल. सरांनी ते वाक्य धरून ठेवलं. पोरगा पर्मनंट झाला की सर त्याला सांगत, आता बूट काढ आणि दुसऱ्याला दे. दरवर्षी ठेकेदाराकडची नवी पोरं, पायाला बॉल लागो न लागो. शेठ मध्यंतराला उठून जाणारे. त्यांना क्लबचे पिवळे सदरे सगळे सारखेच दिसत. साहेब लोकांना पोरांचे चेहरे कुठं ठाऊक असतात!

"मी बी खेळलो ना, तुम्ही यायच्या आधी," खैरनार म्हणाला. "डाव्या बाजूले. सगळे गोल माझ्याच बाजूनं जायचे. यंदा देवजीचा नंबर आहे. मले वाटलं, कोच बदलला तरी दिवाळी झाल्यावर बदलतील. आज वापीवाला आला असता तर तो तिकडचे पोट्टे घेऊन आला असता. देवजी राहिला असता ठेकेदाराकडे."

"अरे, मग इतकी वर्षं त्यांच्या नावानं बोंबलतोस कशाला?"

खैरनारला माझा प्रश्नच समजला नाही. "मंग? गोल खाल्ला तर ओरडू नाही का? नोकरीचं वेगळं अन् फुटबॉलचं वेगळं. माणूस देव आहे, पण फुटबॉल नाही समजत त्याले."

फुटबॉलबद्दल माझंही आजतागायत तेच मत आहे.  घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आणि तुम्ही त्या माणसाला घालवायला निघाला होतात?" बायकांना फुटबॉलमधलं काही कळत नाही.

दिवाळीच्या आदल्या दिवशी देवजी आणि त्याची टीम पर्मनंट झाली. भाऊबीज झाल्यावर सरांनी राजीनामा दिला. वापीचा कोच आला. तो मैदानाकडे तोंड करून उभा राही, फळ्यावर बाण काढी आणि पोरांच्या आयांची चौकशी करत नसे. बाहेरची पोरं घेऊन टीम जिंकायला लागली. शेठना वलसाडच्या बसगाड्या कराव्या लागल्या. त्यांनी दिवाळीचा तो जुना नियमही गुपचूप बंद केला, कारण जिंकणाऱ्या पोरांना भाव असतो, त्यांना नोकरीचं आमिष लागत नाही. आम्हाला हवं होतं ते सगळं मिळालं. दोन-तीन रविवारांतच मला कंटाळा यायला लागला. जिंकणाऱ्या कोचला काय ओरडणार?

त्यातल्याच एका रविवारी मी वर सरांकडे गेलो. सरकारी क्वार्टरमध्ये ते माझ्या डोक्यावर राहत, पण त्यांच्या घरात मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. ज्याला रविवारी शिव्या द्यायच्या, त्याच्याकडे इतर वारी चहाला जाणं बरं दिसत नाही.

दार उघडंच होतं. सर खाटेवर बसले होते. पांढरी हाफ पँट, पायांत बूट, नाड्या बांधलेल्या. जायचं कुठंच नव्हतं. लग्नाचं त्यांचं राहून गेलेलं. केळव्याला भाऊ होता, पण तिकडं जाणं-येणं सुटलेलं. मी आत आलो तसे ते गडबडीनं उठले, खुर्चीवरचे कपडे उचलले, चहा ठेवला. इकडचं तिकडचं बोललो. मग कपात साखर घालता घालता त्यांनी विचारलं, "पाटणकर, एक विचारू? रविवारी लोक करतात काय हो?"

मला आधी वाटलं, थट्टा करतात. पण ते खरंच विचारत होते.

"उशिरा उठतात," मी म्हणालो. "मटण आणतात. जेवून झोपतात."

"हं," ते म्हणाले. "एकट्याचं काय मटण आणायचं!"

मला फार वाईट वाटलं. मी म्हणालो, "पुढच्या रविवारी आमच्याकडे या जेवायला."

पुढच्या रविवारी ते सकाळी आठलाच आले. मी अजून दात घासत होतो. इस्त्रीचा शर्ट, लांब पँट, हातात केळी. बायको आतून म्हणाली, "अहो, जेवायला अजून अवकाश आहे, सांगा त्यांना." सरांनी ते ऐकलं. ते दारातच थांबले, केळी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाले, "वहिनी, मी बसतो ना. लवकर येऊन बसलं तर चालतं ना?"