नुकसान चालू लागले

बदकवाल्याच्या अंड्यांच्या खोलीला सरकारी मोहोर लागली, तेव्हा त्याने त्या दाराला मनोभावे हात जोडले. साथीमुळे उपाहारगृहे बंद होती, अंड्यांना गिऱ्हाईक नव्हते. अशा वेळी शेतकऱ्यांचे नुकसान भरून द्यायला कुणी निघाले आहे, एवढ्यानेच त्याचा ऊर भरून आला. अट साधी होती. न खपलेला माल वाया गेल्याचे तपासनीस स्वतः पाहील, मगच मदत मिळेल. तोवर दार उघडले, तर मदत रद्द. आणि मदत नाही, तर खाद्य नाही. थंडीपूर्वी सारी बदके व्यापाऱ्याच्या गाडीत चढवावी लागणार होती.

तपासनीस येईपर्यंत नुकसानाने जागचे हलू नये, अशी शासनाची अपेक्षा होती. नियम रचणारे बहुश्रुत असावेत. अंडे मात्र त्यांनी ताटाबाहेर कधी पाहिले नसावे.

चौथ्या दिवशी बायकोने विचारले, "अहो, आपली काळी कोंबडी कुठंय?"

"आत."

"आत कुठं?"

"सरकारच्या ताब्यात. खुडूक झालीय. मागच्या फटीतून शिरली आणि अंड्यांवर बसली."

"मग हाकला की तिला!"

"दार उघडलं तर मदत गेली. काठी घातली तर अंडी फुटतील. माल जसाच्या तसा हवाय त्यांना."

दोन दिवसांत काळीचे पाहून आणखी दोघी आत गेल्या. बदकवाल्याने घाबरून कचेरीत फोन लावला.

"साहेब, माल गरम व्हायला लागलाय."

"पंखा लावा."

"दार बंद आहे ना."

"मग उघडू नका," कचेरीने बजावले, आणि प्रकरण मार्गी लागल्याच्या समाधानात फोन ठेवला.

तपासनीस उगवला तो महिना उलटल्यावर. डोक्यापासून घोट्यापर्यंत पांढरा प्लास्टिकचा पोशाख, पायांत पिवळे गमबूट. त्याने मोहोर तोडून दार ढकलले मात्र, ते ध्यान पाहून तिन्ही कोंबड्या किंचाळत अंगणापार पळाल्या. सकाळीच कवचाबाहेर पडलेल्या पिल्लांनी डोळे उघडून पाहिले, तर समोर भलीमोठी, पांढरी, पिवळ्या पायांची आई उभी!

तपासनीस मागे सरला. पिल्ले पुढे सरली. तो विहिरीकडे वळला, रांगही वळली.

"काका, हे काय आहे?"

"नुकसान, साहेब."

"अहो, हे चालतंय!"

"तुम्हाला जरा उशीर झाला ना."

तपासनीस गंभीर झाला. "जिवंत माल म्हणजे वाढ. वाढीला भरपाई देता येत नाही."

बदकवाल्याचा चेहरा उतरला. बायको मात्र पदर खोचून पुढे आली. "असं? मग त्या खोलीतलं एक तरी अंडं खाऊन दाखवा, साहेब. मी तव्यावर टाकते."

तपासनीस काही बोलणार, तोच बदकवाला दबक्या आवाजात ओरडला, "पाय हलवू नका! झोपलीत."

दोन्ही बुटांवर पिवळा कापूस निवांत पसरला होता. तपासनीस उन्हात, त्या पोशाखात घामाघूम होत, बराच वेळ स्तब्ध उभा राहिला. नोकरीच्या इतक्या वर्षांत त्याच्यावर इतका विश्वास कुणी टाकला नव्हता.

"काका," अखेर तो कुजबुजला, "खाण्याजोगं अंडं एकही उरलं नाही. कवचं सगळी फुटलेली. खरं ना?"

"अगदी शपथेवर, साहेब."

"मग माल वाया गेला. मी तसं कळवतो. आता मला इथून सोडवा."

आठवड्यात मदत आली. व्यापाऱ्याची गाडी रिकामीच परतली.

पुढच्या रविवारी फाटकाशी साध्या कपड्यांतला एक माणूस उभा राहिला. पिल्लांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. तो हिरमुसला.

"या साहेब," बदकवाला लगबगीने पुढे झाला. "तुमचे उपकार कसे फेडू? त्यातही तुमच्या उशिराचे. वेळेवर आला असता, तर हा गोतावळा कुठून मिळाला असता?"

"उशिराबद्दल आजवर शिव्याच खाल्ल्यात, काका," तपासनीस लाजून म्हणाला. मग बदकवाल्याच्या बायकोकडे वळला. "वहिनी, आज सरकारी काम नाही हं."

असे म्हणून तो पायरीवर बसला, पिशवीतून पिवळे गमबूट काढले आणि घाईघाईने पायांत चढवू लागला.