शिडीहरण, अर्थात धरमपेठचा माळा फत्ते जाहला ते वर्तमान

श्रीवनदेवता प्रसन्न. चिरंजीव अखंडितलक्ष्मीअलंकृत उदमांजर बंधू त्रिवर्ग, मुक्काम माळा, वामनरावांचा बंगला, धरमपेठ, प्रांत नागपूर, यांचे सेवेसी विज्ञापना ऐसी जे. आपण आज्ञा केली की, आम्ही छपराच्या कवेलूंखाली सुखे नांदतो, तरी हे वतन आम्हांस कोणी मिळवून दिले आणि त्यापायी कोणाची हाडे खिळखिळी जाहली, ते साद्यंत लिहून देणे. त्यावरून हे लिहिले आहे. आपणांस यातले काही आठवणार नाही, कारण लढाई जाहली तेव्हा आपण दूध पीत होता.

पूर्वी तेलंखेडीच्या टेकडीपासून अंबाझरी तलावाच्या पाळीपर्यंत मुलूख रानाचा होता, आणि त्यातील मोहाचे एक झाड आपल्या मातुश्री पंचफुलाबाईसाहेब यांचे पिढीजात वतन होते. मग सरकारच्या मनात आले की शहरची रयत जुन्या पेठांत मावेना, सबब तीस पश्चिमेकडे वसवावी, आणि दोऱ्या आल्या, खुंट्या आल्या, प्लॉट पडले आणि मोह तुटला. त्या जागी वामनराव हेडक्लार्क यांनी बंगला उठविला आणि फाटकावर ‘वनश्री’ ऐसी पाटी लाविली. वन तोडून घरास वनश्री म्हणणे यास मनुष्यांत रसिकता म्हणतात. आम्ही बखरकार, आम्हांस त्यात बोलणे प्राप्त नाही.

रानचे सरदार मात्र डगमगले नाहीत. सरलष्कर बापूजी वानर यांनी पेरूच्या बागा काबीज केल्या आणि फाटकाची कडी काढण्याची विद्या हस्तगत केली. वकील राजश्री देवराव कोल्हे यांनी कोणत्या घरचे खरकटे कोणत्या वारी चविष्ट असते याची माहिती ठेविली. कोल्हा काकडीला राजी म्हणतात, देवराव कोशिंबिरीलाही राजी जाहले. भागीरथाबाई साळिंदर यांनी सडकेच्या मोरीखाली छावणी दिली आणि तेथून परसांतील अळूवर स्वाऱ्या चालविल्या. राहिल्या मातुश्री. त्यांचे दिवस भरत आले होते, झाड पाहिजे होते आणि झाड नव्हते. मग त्यांनी वामनरावांचा माळा हेरिला, कवेलू सारून आत शिरल्या, आणि अडगळीतल्या जुन्या पाळण्यात, गोधडीच्या घडीवर, आपणां तिघांचा जन्म जाहला.

आता उदमांजराच्या अंगास सुवासिक तांदळाचा वास येतो, हे ईश्वरी देणे आहे; परंतु त्यानेच घात केला. वामनरावांचे कुटुंब रुखमाबाईसाहेब एके दिवशी तिन्हीसांजेस दिवा लाविता लाविता थबकल्या आणि बोलल्या, “अहो, माळ्यावर कोनी चिन्नोराचा भात शिजवून राहिलं.” वामनरावांनी फर्माविले की भुते भात शिजवीत नाहीत. तत्रापि त्या दिवसापासून ते कंदील उशाशी घेऊन निजू लागले.

हे भाषण देवरावांनी खिडकीखाली ऐकिले आणि ते फार दिवस त्यावर विचार करीत बसले. त्यांच्या ध्यानी आले की या मुलखाची बोली चमत्कारिक आहे. जेवून राहिले, झोपून राहिले, भांडून राहिले. काम कोणतेही असो, येथला मनुष्य शेवटी राहतोच, जाताना कोणी दिसत नाही. सबब आपण तरी का जावे, ऐसे त्यांनी मोरीत जाहीर केले.

पुढे माळ्यावर आपला धुडगूस वाढला, वरून ढेकळे पडू लागली, आणि वामनरावांनी कडक हुकूम सोडिला. पोळ्याच्या करीस, म्हणजे सणाच्या दुसरे दिवशी पहाटे, माळ्यास घरातून जिना नव्हता, सबब गडी शालिकराम याने बाहेरून शिडी लावून माळ्याच्या खिडकीतून आत जावे, जे सापडेल ते पोत्यात भरावे आणि वाडी गावाच्या पलीकडे नेऊन टाकावे. मातुश्रींस आपला जीव वाचविणे अवघड नव्हते, कवेलूची वाट उघडी होती. परंतु आपणांस अद्याप तुळईवर चालता येत नव्हते, आणि तीन लेकरे एका तोंडात धरता येत नाहीत. त्या पाळण्याभोवती नुसत्या फिरत राहिल्या. 

शके अठराशे एकसष्ट, प्रमाथीनाम संवत्सर, पोळ्याचा सण. त्याच पंधरवड्यात विलायतेकडेही काही लढाई जुंपल्याची बातमी आली, परंतु तो मजकूर ज्यांचा त्यांनी लिहावा. सांजेस मोरीत खलबत बसले. बापूजींनी सांगितले की एकदम हल्ला करून शालिकरामाचे धोतर फेडावे. भागीरथाबाईंनी पाठीवरचे भाले परजून अनुमोदन दिले. इतक्यात देवराव टेहळणीहून परतले आणि त्यांनी वर्तमान आणिले की शत्रूने आपल्या दाराशी पळसाच्या डहाळ्या रोविल्या आहेत. पोळ्याला असे मेढे रोवणे आणि करीच्या पहाटे ते शिवेबाहेर टाकून, वर्षाची रोगराई घेऊन जा म्हणून मारबतीस, म्हणजे पीडा वाहून नेणाऱ्या बाहुलीस, ओरडून सांगणे, हा या प्रांतीचा जुना दस्तुर. पण तो देवरावांस कोठून ठाऊक असावा? त्यांनी एवढेच पाहिले की आपल्या रानाचे निशाण शत्रूच्या दारी उभे आहे. मसलत ठरली की बाईसाहेब तहास राजी दिसतात, सबब तलवार म्यान करावी आणि हुकमाची वाट पाहावी.

पहाट जाहली. रुखमाबाईसाहेब मेढे हाती घेऊन शिवेकडे चालू लागल्या, आणि इकडे शालिकरामांनी शिडी लाविली, पोते खांद्यावर टाकिले, मारुतीचे नाव घेतले आणि ते खिडकीतून आत गेले. तिकडे बाईसाहेबांनी आवाज चढविला, “खासी-खोकला, ढेकूण-मच्छर, माळ्यावरची पीडा घेऊन जा गे मारबत!”

आढ्यावर सरलष्कर बापूजी चोरलेली पुरणपोळी खात बसले होते. तोंडात घास असला म्हणजे कानास कमी ऐकू येते. त्यांनी ऐकिले की, माळ्यावरची शिडी घेऊन जा. त्यांनी तात्काळ खाली येऊन वकिलांस विचारिले की मारबत म्हणजे कोण. देवरावांनी निर्णय दिला की हा आपणांस दरबारातून मिळालेला किताब होय, आणि खुद्द धनिणीचा हुकूम मोडणे शिष्टाचारास धरून नाही.

मग काय विचारता! बापूजींनी वरचे टोक धरिले, त्यांच्या पथकाने मधला भाग धरिला, देवरावांनी खालची पायरी दातांत धरिली आणि शिडीने अंबाझरीच्या दिशेने कूच केले. माकडाच्या हाती कोलीत देऊ नये ऐसे शहाणे सांगून गेले, शिडीविषयी त्यांनी काही सांगितले नव्हते. वामनराव राखुंडी लाविलेल्या तोंडाने बाहेर धावले, तो पिछाडीस भागीरथाबाई भाले फुलवून, खडखडाट करीत उभ्या. वामनरावांनी शत्रूचे बळ पाहिले, ओसरीपर्यंत माघार घेतली आणि दार लावून चूळ भरली.

शालिकराम खिडकीशी येऊन ओरडू लागले, “अबे, शिडी! शिडी कोनं नेली?” पेठेत दुसरी शिडी गवंड्यांची, आणि करीच्या दिवशी गवंडी कामावर येत नाहीत. सबब दुपार टळेपर्यंत शालिकराम वरच अडकले.

त्या माळ्यात काय जाहले ते आता सांगतो, चित्त देऊन ऐकावे. एका बाजूस शालिकराम पोते घेऊन, दुसऱ्या बाजूस मातुश्री अंग फुगवून, दात दाखवून, मध्ये पाळणा. एकास शिडी नव्हती, दुसरीस लेकरे टाकून जाववत नव्हते. ऐसा बराच वेळ गेला. मग आपण तिघे भुकेने रडू लागलात. मातुश्रींनी एकदा शालिकरामांकडे पाहिले, एकदा पाळण्याकडे पाहिले, मग त्या आत उतरल्या, आडव्या जाहल्या आणि आपणांस पाजू लागल्या. आणि शालिकरामांनी पाठ फिरविली, कारण बाळंतीण पाजीत असता पुरुषाने पाहू नये. शिडी येईपर्यंत ते भिंतीकडे तोंड करून बसले. पोते त्यांनी गुडघ्यांखाली अंथरिले होते.

गवंड्याच्या घरून शिडी आली आणि ते खाली उतरले. वामनरावांनी विचारिले, “काय गा, सापडली काय पीडा?”

शालिकराम म्हणाले, “साहेब, वर पीडा नाही. बाळंतीण हाये.”

वामनराव पुन्हा पोत्याकडे बोट दाखवू लागले. तेव्हा रुखमाबाईसाहेब पदर खोचून पुढे आल्या आणि त्यांनी जो हुकूम केला तो शब्दशः येणेप्रमाणे: “बाळंतिणीले कोनी घराबाहेर काढते काय? आन् पीडा तर म्या सकाळीच मारबतीले देऊन टाकली. गेली म्हणजे गेली. आता वर जे हाये ते घरचंच.” इतके बोलून त्यांनी तुपात बुडविलेली पुरणपोळी ताटलीत घातली आणि शालिकरामांस पुन्हा वर पाठविले.

त्या दिवशी सांजेस वामनराव जेवावयास बसले, तो डोईवर धडधड जाहली आणि वरणात कवेलूची माती पडली. त्यांनी घास थांबविला आणि म्हणाले, “ऐकून राहिली काय वं? पुन्हा वाजून राहिलं.”

बाईसाहेबांनी वरण बदलून वाढिले आणि बोलल्या, “वाजून राहिलं ना? मंग राहू द्या.”

खिडकीखाली देवराव होते. त्यांनी ते शब्द दोनदा मनात घोळवून घेतले आणि मोरीकडे धावत जाऊन फत्तेचे वर्तमान सांगितले. येणेप्रमाणे माळा फत्ते जाहला. आपल्या पक्षाकडील नुकसान काही नाही. शत्रूकडील एक शिडी, ती भागीरथाबाईंनी कुरतडून संपविली. मारबत हा किताब सरलष्कर बापूजी अद्याप लावितात. लेकरांनो, वतनाची सनद पुढेमागे कोणी मागितल्यास दाखविण्यास कागद नाही. इतकेच सांगावे की, घरधनिणीने राहू द्या म्हटले आहे.