दोन प्रतींचे मुनीरचाचा

मुनीरचाचा किराणा सामानाची यादीसुद्धा कार्बन लावून लिहीत. वरची प्रत दुकानदाराला, खालची स्वतःला. आणि खालच्या प्रतीवर दुकानदाराची सही घेतल्याशिवाय ते तूरडाळीला हात लावत नसत. शहागंजातला तो दुकानदार सुरुवातीला चिडायचा, मग हसायला लागला. पुढं पुढं तर चाचा पायरी चढताना दिसले की तो आपणहूनच गल्ल्यातलं पेन काढून ठेवायचा.

"बेटा, तोंडी बात हवेत जाते," चाचा मला म्हणायचे. "कागद पायजे. आणि कागदाची नक्कल पायजे. एक इथं, एक तिथं. मग फिकीर नाय."

औरंगाबादेत आमच्या घराला लागूनच त्यांचं घर होतं. मधे एक भिंत आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखीच पानं गाळणारा लिंब. चाचा एकटे राहत. पोलीस ॲक्शननंतर निजामाचं राज्य गेलं आणि कचेऱ्यांचा कारभार हळूहळू मराठीत यायला लागला, तेव्हा जुन्या उर्दू कागदांचा मराठी तर्जुमा करायची नोकरी त्यांना लागली. मराठी ते शिकले ते जमिनींच्या कागदांवरून. त्यामुळं त्यांना कुणी पत्ता विचारला की ते चतुःसीमाच सांगत. "पूर्वेला मास्तरांचं घर, पश्चिमेला रस्ता, उत्तरेला मशिदीची भिंत, दक्षिणेला काय नाय." विचारणारा बिचारा दक्षिणेकडं बघत उभा राही.

मास्तर म्हणजे माझे वडील, आमचे दादा. त्यांनी एकदा होळीला चाचांना जेवायला बोलावलं, तर चाचा म्हणाले, "लिहून द्या." दादांनी हसत हसत चिठ्ठी लिहून दिली. चाचा ठरल्या वेळी आले, पोटभर जेवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरून पावती आली: 'पुरणपोळी चार नग, तुपासह, पावल्या.' ती पावती दादांनी आरशाच्या चौकटीत खोचून ठेवली होती. कितीतरी वर्षं आम्ही त्या पुरणपोळ्यांच्या शेजारी भांग पाडत होतो.

तर अशा माणसाच्या हातात माझा संसार सापडला.

माझं लग्न झालं दिलीपशी. तो अमेरिकेत नोकरीला होता, तिथं कायमचा राहायचा परवाना त्याला मिळाला होता. तीन आठवड्यांच्या रजेवर आला, लग्न केलं आणि गेला. मला न्यायचं तर बायको म्हणून माझा अर्ज करायला हवा होता, आणि अर्जासोबत आमचं लग्न खरंच झालंय, मनापासून झालंय, याचे पुरावे. कागदांची यादी पत्रातून आली तेव्हा दादांनी ती दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मंदा, हे चाचांचं काम आहे."

चाचांनी यादी हातात घेतली आणि त्यांचा चेहरा असा उजळला की लग्नात माझाही उजळला नसेल.

मग दुपारच्या दुपार मी त्यांच्या अंगणात बसायला लागले. ते दिवस आठवले की अजून मला गुंगी आल्यासारखं होतं. माहेरची म्हणावी तर मी आता तिथली नव्हते, आणि सासर समुद्रापलीकडं. लिंबाखाली तख्तावर चाचा टाइपरायटर घेऊन बसत. टक टक, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टक. कागदांवर पिवळी पानं पडत. माझी बोटं कार्बननं निळी झालेली असत आणि ती तशीच गालाला लावून मी बसलेली असे. अंगणाच्या कोपऱ्यात जुन्या नहरीचा, जमिनीखालून शहराला पाणी पुरवणाऱ्या कालव्याचा, एक दगडी बंबा होता, मनोऱ्यासारखा उंच, पडीक. त्याचं पाणी कधीच बंद झालं होतं, पण कान लावला की आत काहीतरी वाहतंय असं वाटे. मी कितीदा तरी कान लावून उभी राहिले. चाचा वर न बघता म्हणत, "पाणी गेलं बेटा, आवाज राह्यलाय. ये, सही कर."

पहिली अडचण माझ्या जन्माची. मी जन्मले पाचोडला, आजोळी, आणि जन्माची नोंद कुणी केलीच नव्हती. मग माझ्या मावशीची जबानी घ्यायचं ठरलं. मावशी पाचोडहून आली, तख्तावर मांडी घालून बसली आणि सांगायला लागली, "त्या दिवशी लई ऊन होतं. बाजार भरलेला. बाहेर टरबुजाच्या गाड्या उतरत व्हत्या आन् आत ही उतरली." चाचांनी ते सगळं इंग्रजीत घेतलं, टरबुजांसकट. दादा म्हणाले, टरबुजं काढा हो. चाचांनी टाइपरायटरवर दोन्ही हात ठेवले. "मास्तर, जबानीत आलेलं काटायचा हक आपल्याला नाय." अमेरिकेच्या सरकारी दप्तरात माझ्या जन्मासोबत ती टरबुजं आजही असतील.

मग फोटो. लग्नाचे फोटो मी मोठ्या हौसेनं नेले. चाचांनी भिंग लावून एकेक पाहिला. बाशिंग आणि मुंडावळ्यांत दिलीपचं नाकसुद्धा दिसत नव्हतं. "ह्यात नवरा कुठंय? तुझं लग्न काय शेवंतीशी लागलंय का?" शेवटी त्यांनी एक फोटो निवडला, मी कुणाला दाखवायचा नाही म्हणून मागं ठेवलेला. मांडव उतरायला लागलाय, मी आणि दिलीप दोन खुर्च्यांवर बसलोय, दोघांचे डोळे झोपेनं जड, आणि माझी चप्पल त्याच्या हातात. "हा लाव," चाचा म्हणाले. "असं नाटक कुणाला जमत नाय."

खरी फजिती पत्रांची झाली. नवरा-बायकोचा पत्रव्यवहार जोडायचा होता, शब्दन् शब्द इंग्रजी करून. दिलीपची पत्रं मी पेटीच्या तळाशी ठेवली होती. त्यातली तीन निरुपद्रवी पत्रं निवडून मी चाचांना दिली. त्यांनी वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"बर्फ पडला. बर्फ थांबला. परत बर्फ पडला. हे नवऱ्याचं खत हाय का वेधशाळेचं? असली आण."

मी लाजत लाजत असली पत्रं आणली. चाचांनी ती सातबाराचा उतारा वाचावा तशी वाचली. चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. मी मात्र बंब्याआड जाऊन उभी राहिले. मधूनच हाक यायची, "बेटा, हे 'वेडाबाई' लिवलंय त्यानं. मॅड वुमन लिवू का? नक्को. व्हिसा नाय मिळायचा." मग बराच वेळ विचार करून त्यांनी लिहिलं: 'माझी प्रिय पत्नी, जिची बुद्धी शाबूत आहे.'

असं करत करत फाईल भरली. लग्न नोंदवल्याचा दाखला तेवढा जोडायचा राहिला होता, आणि तिथंच मी घाण केली.

दिलीपचा एक मित्र सुट्टीवरून परत निघाला होता. संध्याकाळच्या बसनं तो मुंबईला जाणार, तिथून विमानानं अमेरिकेला. टपालापेक्षा हा बरा, म्हणून दिलीपनं दाखला त्याच्याबरोबर मागवला होता. लाइट गेलेली, झेरॉक्सवाला दुकान ओढून बसलेला. मी दाखला तसाच पाकिटात घातला, बसस्टँडवर नेऊन त्याच्या हातात दिला आणि तरंगत घरी आले. जणू मीच निम्मी पोचले होते. चाचांना सांगितलं, तर त्यांच्या हातातला पेला तख्तावर आडवा झाला.

"असल दिलं? नक्कल न ठेवता?"

"लाइट नव्हती, चाचा."

"हात होते ना बेटा तुला? हात होते ना?"

त्यांना असं ओरडताना मी कधी पाहिलं नव्हतं. टाइपरायटरखालचे कागद, कार्बन आणि पेन घेऊन ते पायजम्यावरच बाहेर धावले, मागून मी. रिक्षा केली. बसस्टँडवर मुंबईची बस घरघरत उभी होती. चाचा थेट ड्रायव्हरच्या समोर जाऊन उभे राहिले. मित्राकडून पाकीट घेतलं, बसच्या पायरीवर बसले आणि दाखला हातानं उतरवून काढायला लागले. शिक्क्याच्या गोलातली अक्षरंसुद्धा. आतून लोक ओरडत होते, कुणी म्हणे म्हाताऱ्याला उचला, कुणाचं पोर रडत होतं. चाचांनी शेवटची ओळ लिहिली, खाली 'असल बरहुकूम नक्कल' लिहिलं आणि कंडक्टरकडं पेन केलं. "गवाह म्हणून सही करा." कंडक्टर आधी थांबला, मग चाचांच्या तोंडाकडं बघून त्यानं मुकाट्यानं सही केली.

परत येताना रिक्षा नको म्हणाले. चालतच निघालो. उन्हं उतरली होती, सगळं शहर पिवळट धुळीत तरंगत होतं. अर्ध्या वाटेवर ते आपणहून बोलायला लागले.

"जमिला माझी बीवी, बेटा. पोलीस ॲक्शननंतर तिचा भाऊ आईला घेऊन कराचीला चालला. आई बीमार. जमिला म्हनली, चार महिने सोबत राहते, येते. मीच म्हनलो, निकाहनामा तुझ्या पेटीत ठेव, तू नीट सांभाळतीस. मग कायदा आला. कायमचं परत यायचं तर परवाना लागतो म्हणे. नवऱ्यानं इथून अर्ज करायचा, निकाहचा पुरावा जोडायचा. पुरावा तिच्यापाशी. तिनं टपालात टाकला. असलच टाकला. तो कधी पोचलाच नाय."

"आणि काझी? साक्षीदार?"

"काझीसाब गुजरले. त्यांचं रजिस्टर कुठं गेलं कुणाला ठाऊक नाय. दोन्ही गवाह तिकडं निघून गेलते. दफ्तरातला साहेब भला माणूस होता. म्हनला, मुनीरमियाँ, मला पटतं, पण फाईलला काय लावू?"

"किती वर्षं अर्ज केले, चाचा?"

"ती होती तवर केले."

'एक इथं, एक तिथं' हे शब्द मी हजारदा ऐकले होते, त्यांची नक्कल करून मैत्रिणींना हसवलं होतं. त्या संध्याकाळी मला माझीच लाज वाटली.

पुढं वर्षभरानं माझा परवाना आला. निघायच्या दिवशी चाचा अंगणाच्या दारात उभे होते. मी पाया पडायला वाकले, तर त्यांनी मला मधेच धरलं. "पोचलीस की कागद पाठव. दोघं एका घरात हायेत, असा. दोघांच्या सहीचा. तुझ्या एकटीचा चालायचा नाय."

मी पोचल्यावर पहिलं काम तेच केलं. दिलीपला वाटलं, बायकोला खरोखर वेड लागलंय. पण त्यानं सही केली. 'आम्ही दोघं एका घरात राहतो. पूर्वेला लाँड्री, पश्चिमेला रस्ता, उत्तरेला शाळा, दक्षिणेला काही नाही.' खाली दोघांच्या सह्या.

महिन्याभरानं उत्तर आलं. पाकिटात त्यांच्या वळणदार अक्षरातली पावती होती: 'तुम्हां उभयतांच्या सहीचा कागद पावला. माझ्या जुन्या अर्जाच्या फाईलला शेवटी लावला. काम झालं. फाईल बंद केली.'

पावती घडी करून ठेवताना तिच्यामागं चिकटलेला दुसरा कागद सुटून माझ्या मांडीवर पडला. तोच मजकूर, निळ्या पुसट अक्षरात. कार्बनची प्रत. चाचांनी दोन्ही मला पाठवल्या होत्या. आपल्याकडं काहीच ठेवलं नव्हतं.

मी कितीतरी वेळ रडत बसले. दिलीप कामावरून आला, माझ्याकडं बघून घाबरला. "काय झालं? घरचं काही आहे का?"

"हो," मी म्हटलं, "चाचांची पावती आली."